दार लावून बोलायच्या गोष्टी : बर्लिन, ड्रेस्डेन, विस्मार

आधी थोडं सांगते म्हणजे हा प्रवास असा का केला ते कळेल. बावीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात काउन्सिलर होते, आधी गुप्तरोगाच्या ओपीडीला आणि मग एचआयव्ही टेस्टिंगच्या सेंटरला. पेशंट आत आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "मॅडम, दार लावता का." पुरुष बायका तरुण म्हातारे सगळे हेच. त्यामुळे भाचीनं बर्लिनहून फोनवर सांगितलं की मावशी, इथे शंभर वर्षांपूर्वी या रोगांवर, गर्भपातावर, समलिंगी माणसांवर मूकपट काढले आणि ते साध्या थिएटरात लागायचे, तेव्हा मला खरंच वाटेना. दार लावून बोलायच्या गोष्टी हजार लोकांसमोर पडद्यावर? मग ठरवलंच की रिटायरमेंटनंतरचा पहिला प्रवास तिकडे. ऑक्टोबरमधले पाच दिवस, रोज रात्री थोडं थोडं लिहिलं तेच इथे टाकते.

दिवस १, मंगळवार, बर्लिन

सकाळी पोचले, पोहे खाल्ले (भाचीकडे सगळं मिळतं, कढीपत्तासुद्धा), दोन तास झोपले आणि दुपारी बाहेर पडलो. स्प्रे नदीच्या काठाला एक छोटा रस्ता आहे, माग्नुस हिर्शफेल्ड यांच्या नावाचा. तिथे रंगीत धातूची मोठी मोठी कॅला लिलीची फुलं उभी केलीत, माणसापेक्षा कितीतरी उंच. हिर्शफेल्ड डॉक्टर. ६ जुलै १९१९ ला त्यांनी इथून जवळच टियरगार्टनमध्ये लैंगिक विज्ञानाची संस्था उघडली. तिथे लोक सल्ला घ्यायला यायचे, लग्नाआधीचे प्रश्न, संततिनियमन, गुप्तरोग, समलिंगी माणसं, आज ज्यांना ट्रान्सजेंडर म्हणतो ते सुद्धा. म्हणजे आमच्या सेंटरसारखंच, फक्त बंगल्यात आणि खूप मोठं. इमारत आज नाही. ६ मे १९३३ ला नाझी विद्यार्थ्यांनी ती लुटली, चार दिवसांनी १० मे ला ऑपेराच्या चौकात पुस्तकांची होळी झाली त्यात इथली पुस्तकं पण होती.

त्या चौकात, बेबेलप्लात्झला, संध्याकाळी गेलो. जमिनीत एक काच बसवलीय आणि खाली पांढरी रिकामी शेल्फं, वीस हजार पुस्तकं मावतील एवढी. वाकून बघावं लागतं. भाची म्हणाली की हिर्शफेल्ड तेव्हा देशाबाहेर होते आणि ही होळी त्यांनी पॅरिसमध्ये एका थिएटरात न्यूजरीलमध्ये पाहिली. मी तिथेच उभी राहिले बराच वेळ. आपलं आयुष्यभराचं काम जळताना अंधारात अनोळखी लोकांच्या मधे बसून बघायचं, आणि शेजारच्याला माहीत पण नाही की हा माणूस कोण. १९३५ ला ते फ्रान्समध्ये नीसला वारले, वाढदिवसाच्याच दिवशी, ६७ वर्षांचे.

१९३१ मध्ये जगप्रवास करताना ते आपल्याकडे भारतातही येऊन गेले होते. तेव्हा मुंबईत र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते (जुलै १९२७ पासून), आणि त्यांच्यावरही अश्लीलतेचे खटले चालू होते. १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड झालाच. आमच्या ट्रेनिंगमध्ये कर्व्यांचं नाव एकदाही कोणी घेतलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

परत येताना टियरगार्टनच्या कडेला काँक्रीटचा एक मोठा राखाडी ठोकळा बघितला, नाझी काळात छळलेल्या समलिंगी लोकांचं स्मारक, २००८ चं. त्याला एक छोटी चौकोनी खिडकी, आणि आत फिल्म चालू असते, दोन माणसं एकमेकांना किस करतायत एवढीच. एका वेळी एकदोघांनाच बघता येतं. आम्ही रांगेत थांबून पाहिलं.

दिवस २, बुधवार, बर्लिन

पाऊस होता म्हणून सकाळ घरातच आणि ते एका अर्थी बरं झालं, कारण भाचीनं लायब्ररीतून डीव्हीडी आणून ठेवली होती. 'आन्डर्स आल्स दी आन्डर्न', म्हणजे 'इतरांपेक्षा वेगळे'. १९१९. दिग्दर्शक रिखार्ड ओस्वाल्ड, आणि लेखनात त्यांच्याबरोबर हिर्शफेल्ड स्वतः. पाउल क्योर्नर नावाचा नावाजलेला व्हायोलिनवादक (कॉनराड फाइट, तोच जो पुढच्या वर्षी 'कॅलिगारी' या गाजलेल्या भयपटात झोपेत चालणारा झाला), त्याचं त्याच्या विद्यार्थ्यावर प्रेम असतं, एक माणूस हे ओळखतो आणि पैसे उकळायला लागतो. जर्मन कायद्याचं कलम १७५ होतं, पुरुषा-पुरुषांतले संबंध म्हणजे गुन्हा. शेवटी कंटाळून पाउल ब्लॅकमेलरविरुद्ध कोर्टात जातो, ब्लॅकमेलरला शिक्षा होते पण कलम १७५ खाली पाउललाही होते. थोडीच, पण नाव जातं, कार्यक्रम बंद होतात, आणि तो विष घेतो.

मला ज्या सीननं धरून ठेवलं तो वेगळाच. पाउलचे आईवडील डॉक्टरकडे येतात. डॉक्टर म्हणजे खुद्द हिर्शफेल्ड, जाड मिशा, चष्मा, ते काही ॲक्टिंग करत नाहीत, नुसते बसून बोलतात. आणि पडद्यावरच्या संवादाच्या पाटीवर येतं साधारण असं की तुमच्या मुलाला दोष देऊ नका, तो असा आहे यात त्याची चूक नाही, हा रोग नाही आणि गुन्हाही नाही. मी डीव्हीडी थांबवली. ते टेबल, त्या दोन खुर्च्या, आई पदराशी चाळा करते तशी ती बाई रुमालाशी करत होती, बाप खाली बघतोय, हे सगळं मी केलंय हो. कितीदा. एका मुलाचे वडील माझ्यासमोर बसून फक्त एवढंच विचारत होते की याचं औषध कुठे मिळेल, पुण्याला मिळेल का, मुंबईला नेऊ का, आणि मी त्यांना जे सांगत होते ते या डॉक्टरनं १९१९ साली कॅमेऱ्यासमोर सांगून ठेवलं होतं. मला ते ट्रेनिंगमध्ये दाखवलं असतं तर माझी पहिली दोनतीन वर्षं किती सोपी गेली असती.

हा पिक्चर त्या काळी लागू कसा शकला याचं कारण असं की पहिलं महायुद्ध हरल्यावर, नोव्हेंबर १९१८ मध्ये, नव्या सरकारनं सेन्सॉरशिप काढूनच टाकली. मग अशा पिक्चरांची लाट आली. त्यांना 'आउफक्लेरुंग्सफिल्म' म्हणत, प्रबोधनपट म्हणू आपण. ओस्वाल्डनी याची सुरुवात त्याआधीच केली होती, युद्ध चालू असतानाच १९१७ मध्ये 'एस वेर्दे लिख्ट' काढला, 'प्रकाश होवो', सिफिलिसवर, गुप्तरोगांविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेची मदत घेऊन. त्याचे पुढे आणखी भाग निघाले. तेव्हा त्याला परवानगी मिळाली कारण सैनिक घरी रोग घेऊन येत होते आणि सरकारलाच काळजी होती. पण सेन्सॉर उठल्यावर प्रबोधनाचं नाव लावून नुसतं चाळवणारं पण भरपूर निघालं, एकाचं नावच 'वासनेचे तरस' असं होतं. खरं तळमळीनं काढलेलं आणि गल्ल्यासाठी काढलेलं असं शेजारीशेजारी लागायचं आणि चिडलेल्या लोकांनी दोन्ही एकाच पोत्यात भरलं, थिएटरात गोंधळ घातले. १२ मे १९२० ला नवा फिल्म कायदा आला, सेन्सॉर परत, आणि त्याच वर्षी 'इतरांपेक्षा वेगळे' वर बंदी. फक्त डॉक्टरांना आणि संशोधकांना दाखवायला परवानगी.

यावर मी दिवसभर विचार करत होते. ज्यांना आधीच माहीत आहे त्यांनाच दाखवायचं! अहो थिएटरचा तर सगळा फायदाच हा होता की अंधारात बसलेल्या माणसाला कोणी विचारत नाही तू स्वतःसाठी आलास की सहज आलास. दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवायला माणसाला महिने लागतात, नाव नोंदवावं लागतं, ओळखीचं कोणी दिसेल याची भीती. तिकीट काढून आत बसायला यातलं काही लागत नाही. तो एक दरवाजा उघडा होता तो बंद केला.

पिक्चर पूर्ण उरलेलाच नाही. हिर्शफेल्डनी १९२७ मध्ये त्याचे तुकडे 'गेझेट्झे देअर लीब' या दुसऱ्या फिल्ममध्ये वापरले होते, त्याची युक्रेनी पाट्यांची एक कॉपी सोव्हिएत युनियनात टिकली, त्यावरून म्युनिकच्या फिल्म म्युझियमनं जोडून काढलाय. मधे मधे नुसते फोटो आणि मजकूर येतो. कलम १७५ जर्मनीतून पूर्ण गेलं १९९४ ला. आपल्याकडचं कलम ३७७ सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांपुरतं मोडलं, त्या दिवशी आमच्या सेंटरमध्ये पेढे वाटले होते, मीच आणले होते.

पाऊस थांबल्यावर फ्रीडरिशश्ट्रासेच्या दक्षिण टोकाकडे चालत गेलो, जिथे अपोलो थिएटर होतं, तिथेच मे १९१९ मध्ये याचा पहिला खेळ झाला. आता काही नाही. महायुद्धात गेलं. थोडं उभं राहून सूप प्यायला गेलो.

दिवस ३, गुरुवार, ड्रेस्डेन

ट्रेननं दोन तास. हायजीन म्युझियम बघायचं होतं, मोठी पांढरी सरळ रेषांची इमारत, १९३० ची. संस्था त्याआधीची, १९१२ ची, ओडोल नावाचं माउथवॉश विकून श्रीमंत झालेल्या लिंगनर नावाच्या माणसानं उभी केलेली. 'काचेची बाई' बघितली, आतले अवयव एकेक करून उजळतात, शाळेची मुलं तिच्याभोवती गोल बसली होती आणि शिक्षिका काही न लाजता सगळं सांगत होत्या.

पण मी आले होते मेणाच्या प्रतिकृती बघायला. त्यांना मुलाज म्हणतात, खऱ्या पेशंटच्या अंगावरून साचा घेऊन मेणात ओततात, रंगवतात, कडेनं पांढरं कापड शिवतात. सिफिलिसचं पहिलं व्रण, तळहातावरचे तांबूस डाग, ओठ, लहान बाळाचं नाक. मी हे सगळं जिवंत बघितलंय आणि तरी छातीत धस्स झालं, कारण कापडाच्या त्या शिवणीमुळे चेहरा पट्टी बांधून झोपल्यासारखा दिसतो. या कोणाचीही नावं नाहीत. हात कुणाचा, बाळ कुणाचं, काही नाही. शंभर वर्षं लोक बघतायत.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी की त्या काळात किती काय काय झालं होतं. १९०५ ला बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमध्ये शाउडिन आणि हॉफमान यांनी सिफिलिसचा जंतू शोधला, १९०६ ला वासरमानची रक्ततपासणी आली (आपण ज्याला व्हीडीआरएल म्हणतो तिच्या आधीची), १९१० ला एर्लिशचं साल्व्हरसान बाजारात आलं, आर्सेनिकपासून केलेलं, नंबर ६०६. म्हणजे रोग दिसत होता, तपासता येत होता, औषध होतं. अडत होतं ते फक्त एका ठिकाणी, माणूस येत नव्हता. म्हणून पिक्चर. १९२६ मध्ये उफा या फिल्म कंपनीच्या शैक्षणिक विभागानं जो काढला त्याचं नावच 'फाल्शे शाम', खोटी लाज. आणि खाली लिहिलेलं, एका डॉक्टरच्या डायरीतले चार प्रसंग. मला हे नाव इतकं आवडलं, कारण आपल्याकडे अगदी हाच शब्द आहे, खोटी लाज कशाला धरता असं आम्ही पेशंटला म्हणायचोच. मग १९२७ ला तिथे नवा कायदा आला, गुप्तरोगाचा उपचार घेणं बंधनकारक झालं पण वेश्याव्यवसाय करणाऱ्या बायकांवरचा पोलिसी बडगा बराचसा निघाला.

वरच्या एका दालनात पुढचं पण मांडलंय, लपवलेलं नाही, की १९३३ नंतर हेच म्युझियम वंशशुद्धीच्या प्रचाराला लागलं, कोणाची नसबंदी करावी ते चार्ट काढून सांगायला लागलं. तीच चित्रं काढणारे हात, तेच समजावून सांगायचं कौशल्य. भाची गप्प झाली होती. मी पण. आरोग्यशिक्षण हा शब्द मी आयुष्यभर निर्धास्तपणे वापरलाय, आता वापरताना जरा थांबेन.

संध्याकाळी एल्बे नदीच्या काठावर चहा. बाकी ड्रेस्डेन आम्ही बघितलंच नाही, राजवाडे वगैरे राहिले.

दिवस ४, शुक्रवार, विस्मार आणि ल्यूबेक

पहाटेची गाडी, मधे ती एका ठिकाणी पाऊण तास उभीच, तरी साडेदहाला विस्मारला. बाल्टिक समुद्राकाठचं लाल विटांचं गाव, मासळीचा वास, सीगल पक्षी. 'नॉस्फेराटू' या मूकपटाचं शूटिंग इथे झालं, १९२१ मध्ये, रिलीज मार्च १९२२. सगळे त्याला भुताचा पिक्चर म्हणतात पण माझ्या मते तो प्लेगचा पिक्चर आहे. जहाज येतं, आत ट्रान्सिल्व्हानियाहून आणलेल्या, मातीनं भरलेल्या शवपेट्या आणि त्यात उंदीर, जहाजावरचे खलाशी एकेक करून मरतात, गावात दवंडीवाला ढोल वाजवत येतो, एक माणूस खडूनं घरांच्या दारावर फुल्या मारत जातो.

वॉटर गेट म्हणजे बंदराकडची जुनी वेस बघितली, जिथून काउंट ऑर्लोक, म्हणजे पिक्चरमधलं ते रक्त पिणारं भूत, स्वतःची शवपेटी काखेत धरून गावात शिरतो. मारिया चर्चचा नुसता ८० मीटर मनोरा उभा आहे, चर्च युद्धात पडलं आणि उरलेलं १९६० मध्ये पाडलं. पिक्चरची सुरुवात या मनोऱ्यावरून खाली बाजारपेठ दिसते तिथून होते. बाजारात दोन हेरिंग-पाव खाल्ले.

दुपारी बाड क्लाइननला गाडी बदलून ल्यूबेक. नदीकाठी मिठाची जुनी गोदामं आहेत, उंच, पुढे झुकल्यासारखी, ऑर्लोकनं विकत घेतलेलं घर ते. आणि डेपेनाउ नावाचा उताराचा रस्ता, तिथे तो शॉट आहे, काळ्या कोटातली माणसं शवपेट्या खांद्यावर घेऊन एकामागे एक येतायत, संपतच नाहीत. रस्ता अगदी साधा आहे, सायकली लावलेल्या, एक आजोबा कुत्र्याला घेऊन चाललेले.

तिथे उभी असताना मला माझ्या पणजीचं बोलणं आठवत होतं, आजीनं सांगितलेलं. १८९७ चं पुणं. काखेत गाठ आली की घरच्यांनीच लपवायचं कारण गोरे सोल्जर घरात शिरून तपासणी करायचे, माणसाला उचलून न्यायचे, देवघरापर्यंत बूट. सावित्रीबाई फुले त्याच साथीत गेल्या, १० मार्च १८९७, पेशंटची सेवा करता करता. आणि जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी जर्मनीचं प्लेग कमिशन मुंबईला आलं होतं, रॉबर्ट कॉखही आले होते, म्हणजे हे जे मी ल्यूबेकच्या रस्त्यावर आठवत होते ते यांच्या डॉक्टरांनी आमच्याकडे येऊन बघितलं होतं.

पण एक खटकलं आणि ते मी गाडीत भाचीशी बोलले. नॉस्फेराटूत रोग बाहेरून येतो. परदेशी, वाकड्या नाकाचा, लांब नखांचा, उंदरांबरोबर बोटीतून. आपलं गाव स्वच्छ होतं, तो आला आणि घाण झालं. ओस्वाल्डच्या पिक्चरमध्ये असं कोणीच येत नाही बाहेरून, आजार घरातल्याच माणसाकडून घरात येतो, आणि दुःख तर कायद्यातूनच येतं. बघायला नॉस्फेराटू कितीतरी सुंदर आहे, त्यात वादच नाही, ती सावली जिना चढते तो शॉट जगात कोणी विसरणार नाही. पण एचआयव्हीच्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे प्रत्येकजण हेच म्हणायचा ना, हे मुंबईवाल्यांनी आणलं, ट्रकवाल्यांनी आणलं, त्या बायकांनी आणलं. मला त्या झगड्यात ओस्वाल्डसारखं काहीतरी हवं होतं.

हॅम्बुर्गवरून रात्री अकराला घरी.

दिवस ५, शनिवार, बर्लिन

उशिरा उठलो. दुपारी नॉयक्योल्नला गेलो, तिथे जुन्या स्मशानाची बाग केलीय आणि तिला आनिटा बेर्बरचं नाव दिलंय. ती नर्तकी, ओस्वाल्डच्या बऱ्याच पिक्चरमध्ये होती, 'इतरांपेक्षा वेगळे' मध्येही आहे. कोकेन, दारू, रंगमंचावर उघड्यानं नाच, सगळ्या बर्लिनला तिची चर्चा लागायची. १९२८ मध्ये टीबीनं गेली, २९ वर्षांची होती. इथेच पुरलं तिला. थडगं दिसत नाही आता. मुलं फुटबॉल खेळत होती. भाचीनं कुंपणाजवळ पिवळी शेवंती ठेवली.

रात्री बाबिलोन थिएटर. १९२९ चं आहे, हान्स पोएल्झिगनं बांधलेलं, आणि त्याच वर्षीचा ऑर्गन अजून तिथे वाजतो. शनिवारी मध्यरात्री मूकपट. आमच्या नशिबानं त्या रात्री दिग्दर्शक पाब्स्टचा 'टागेबूख आइनर फेरलोरेनन' होता, म्हणजे वाया गेलेल्या मुलीची डायरी, १९२९ चाच, नायिका लुईस ब्रुक्स. थिएटर भरलेलं, निम्मी कॉलेजची पोरं.

टिमियान, औषधांच्या दुकानदाराची मुलगी. बापाच्या हाताखालचा माणूस तिला फसवतो, मूल होतं, मूल काढून घेतात, तिला सुधारगृहात टाकतात. सुधारगृहाचा सीन भयंकर आहे. मॅडम काठीनं ताल देते आणि सगळ्या मुली त्या तालावर सूप पितात, चमचा वर चमचा खाली, आणि ऑर्गनवाल्यानं तिथे एकच स्वर धरून ठेवला होता, खुर्चीत कंप जाणवत होता. ती पळते, कुंटणखान्यात पोचते. पुढे ती प्रतिष्ठित बाई होते आणि पतित मुलींच्या उद्धाराच्या कमिटीत बसते, आणि कमिटी त्याच सुधारगृहाला भेट देते. समोर तिची जुनी मैत्रीण आणतात, ही बघा किती बिघडलेली म्हणून. सगळ्या बायका मान हलवतात. टिमियान उठते आणि सगळ्यांदेखत सांगते की मी हिला ओळखते, मी पण इथेच होते.

मला रडू आवरलं नाही. आमच्या सेंटरला एक बाई होती, आधी पेशंट म्हणून आलेली, नवऱ्याकडून लागण, सासरनं हाकललेली, पहिले सहा महिने ती दार बंद असताना सुद्धा कुजबुजूनच बोलायची. नंतर आम्ही तिला पीअर एज्युकेटर केलं, म्हणजे तिच्यासारख्याच पेशंटना समजावून सांगणारी. एकदा वरून तपासणीला साहेब लोक आले होते, त्यातले एकजण म्हणाले या बायकांना कळत नाही काही, आणि ही कोपऱ्यात रजिस्टर लिहीत बसलेली ती उठली, पेन ठेवलं, आणि म्हणाली, "साहेब, मी त्यातलीच." खोलीत कोणी बोललं नाही. दार उघडंच होतं त्या दिवशी, बाहेर लाइनीतल्या लोकांनी सगळं ऐकलं.

दोन वाजता बाहेर आलो. थंडी होती, भाची ट्रॅम बघत होती. आपल्याकडे साडेपाच वाजले असणार आणि सेंटरची ती बाई पाचलाच उठते हे मला माहीत, म्हणून तिथेच उभ्याउभ्या तिला मेसेज केला की आत्ता एक पिक्चर पाहिला त्यात तू होतीस. दोन मिनिटांत उत्तर. "कुठला पिक्चर मॅडम? मला पण दाखवा."

दाखवते म्हटलं. पाट्या जर्मन आहेत पण मी शेजारी बसून सांगेन.